कढीपत्ता मान टाकतोय, पाणी कमी पडतंय की जास्त होतंय?

चौदावा मजला | ४ मे, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण आता खरंच काही सुचेनासं झालंय.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या जवळ, चौदावा मजला, बाल्कनी पश्चिमेची. अडीच वर्षांपूर्वी गेटवर झाडांची हातगाडी येते तिथून कढीपत्ता घेतला होता, तेव्हा वीतभर होता, नंतर छान वाढला, घरचा सगळा कढीपत्ता त्याचाच, वरच्या मजल्यावरच्या काकू पण नेतात. गेल्या सप्टेंबरमध्ये वाटलं आता मोठी कुंडी हवी म्हणून आठ इंचीतून सरळ चौदा इंची प्लास्टिकच्या कुंडीत हलवला, भोवती तयार मिक्स मिळतं ते भरलं, त्यात बहुतेक कोकोपीटच (नारळाच्या काथ्याचा भुसा) होतं. थंडीत थोडी पानं गळली, ती दरवर्षी गळतात. पण मार्चपासून सगळं बिनसलंय.

खालची पानं पिवळी पडून गळतात. वरची नवीन पालवी बारीक येते आणि फिकट, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळट. आणि दुपारी बारानंतर आख्खं झाड मान टाकतं. पूर्वी संध्याकाळी सावरायचं, आता आठवडाभर सावरतच नाहीये. माती वरून ओली असते तरी असं होतं हे मला कळत नाही.

आत्तापर्यंत केलेलं : आंबट ताक दोनदा, गांडूळखत दोन मुठी, एप्सम सॉल्ट एकदा, नीमतेल दोनदा. पाणी रोज सकाळी एक मग. कुंडीखाली ताटली आहे कारण खालच्या मजल्यावाल्यांच्या कपड्यांवर पाणी पडतं.

काय करू?

सुगरण७ | ४ मे, रात्री ११:३२

ताई ताक दोनदा पुरत नाही, दर आठवड्याला घाला, चांगलं आंबट, पातळ करून. माझ्या आईकडे आंगणात कढीलिंब आहे त्याला ताकाशिवाय काहीच नाही आणि माडीपर्यंत गेलाय.

पानफुटी | ५ मे, सकाळी ७:०५

खालची पानं पिवळी म्हणजे नत्र कमी. सरकी पेंड भिजवून त्याचं पाणी द्या. दहा दिवसांत फरक दिसेल.

नेरूळकर | ५ मे, सकाळी ८:४०

पानांच्या मागे बघितलंत का? खवले कीड असेल तर फांदीवर तपकिरी टिकल्यांसारखी चिकटलेली दिसते, नखाने खरवडली की निघते. आणि अळी? कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे लिंबावरची फुलपाखरं इथेही अंडी घालतात. अळी लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तुम्ही तर ओवळेकर वाडीच्या जवळच राहता, तिथलं फुलपाखरांचं उद्यान म्हणजे पाहुणे येणारच. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत (२०१५ मध्ये जाहीर झालं) त्याच्याही अळ्या याच कुळातल्या झाडांवर वाढतात. पण अळीने पान कुरतडलेलं दिसतं, तुमच्या वर्णनात कुरतडल्याचं काही नाही म्हणून मला शंका आहे.

मातीकाका | ५ मे, सकाळी ९:१५

चौदावा मजला ताई, आधी एक विनंती. आजपासून झाडाला काहीही घालू नका. ताक नाही, पेंड नाही, एप्सम नाही. दोन महिन्यांत चार औषधं झालीत, आता कशाने बिघडलं आणि कशाने सुधारेल हे झाडाला विचारायची सोय उरली नाही. आजारी माणसाला पंगतीत बसवत नाही आपण.

सुगरण७ आणि पानफुटी दोघांनीही अनुभवाने सांगितलंय, मी त्यांना चूक म्हणत नाही. पण आंगणातलं झाड आणि कुंडीतलं झाड यात जमीन अस्मानाचा फरक आहे. आंगणात मुळं वीस फूट पळतात, जास्तीचं पाणी खाली मुरतं, जास्तीचं ताक पण मुरतं. कुंडीत घातलेलं तिथेच राहतं.

आता मूळ प्रश्न. पाणी जास्त झालं तरी झाड मान टाकतं आणि कमी झालं तरी मान टाकतं. पानाकडे बघून हे ओळखता येत नाही, इथेच नव्वद टक्के लोक फसतात. मान टाकलेली दिसली की हात आपोआप मगाकडे जातो. खरं म्हणजे मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मातीतल्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी भरतं, मुळं गुदमरतात, सडतात, आणि सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग झाड पाण्यात उभं राहून तहानेने सुकतं. तुमचं झाड संध्याकाळी सावरत होतं तोवर मुळं जिवंत होती. आता सावरत नाही म्हणजे गोष्ट पुढे गेलीये.

म्हणून पान सोडा आणि मातीकडे चला. मला याची उत्तरं द्या :

खराट्याचा एक हीर घ्या, वाळका, आणि कुंडीत कडेपासून तीन बोटं आत तळापर्यंत खुपसा. पाच मिनिटांनी काढा. किती उंचीपर्यंत ओला आहे, त्याला काय चिकटलंय, वास कसा येतो? मग तसाच दुसरा हीर खोडाच्या अगदी जवळ. दोन्ही वेगळे लिहा.

एक लिटर पाणी मोजून हळू ओता आणि घड्याळ बघा, ताटलीत किती वेळाने उतरतं?

कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरं पुटं आहे का?

छोटी काळी चिलटं उडतात का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी कुठलं? नळाचं, टँकरचं, बोअरचं?

खारघरचा वारा | ५ मे, दुपारी १:२०

+१ मातीकाका. शिवाय एसीचं आउटडोअर युनिट बाल्कनीत आहे का ते पण सांगा. आमच्याकडे एक तुळस त्याच्या गरम वाऱ्याने करपली होती आणि आम्ही दोन महिने खताला दोष देत बसलो होतो.

चौदावा मजला | ५ मे, रात्री १०:४५

काका, सगळं केलं. एकेक सांगते.

कडेचा हीर तळापासून जवळजवळ वरपर्यंत ओला निघाला, काळपट चिखल चिकटला होता आणि वास... गटाराच्या झाकणाजवळून जाताना येतो तसा. खोडाजवळचा हीर आत जाईचना! दोन इंच गेला आणि वाकला. दुसरा घेतला तो मोडला. शेवटी विणायची सुई घालून बघितली तर खाली विटेसारखं टणक लागतंय.

एक लिटर पाणी वीस सेकंदांत ताटलीत यायला लागलं. मला वाटलं म्हणजे निचरा मस्त आहे.

पांढरं पुटं आहे, कडेला बोटभर रुंद, मला ते ताकाचं वाटलं होतं. चिलटं आहेत, भरपूर.

पाणी : मार्चपासून आमच्या सोसायटीत आठवड्यातले तीन चार दिवस टँकर येतो, तो बोअरचाच असतो. आणि काका, आज जेवताना हे सगळं बोलताना एक नवीनच कळलं. माझे सासरे पहाटे साडेपाचला उठतात, ते आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवतात आणि त्यातलं दोन तांबे कढीपत्त्याला घालतात. रोज. पाणी फुकट जाऊ नये म्हणून. मी साडेआठला एक मग घालते. दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. माती ओली दिसायची ती का ते आज कळलं.

बाबांना फार वाईट वाटलंय. ते म्हणाले माझ्या हातून झाड मेलं. मी त्यांना म्हटलं अजून मेलं नाहीये, आणि घातलं ते पाणीच ना. कृपया कोणीतरी सांगा की वाचेल.

एसी युनिट दुसऱ्या खिडकीबाहेर आहे, तो प्रश्न नाही.

मातीकाका | ६ मे, सकाळी ६:५०

वाचायची शक्यता चांगली आहे. कढीपत्ता चिवट असतो. बाबांना सांगा की त्यांच्या पाण्याने झाड गेलेलं नाही, निम्मा दोष त्या कुंडीच्या पोटातल्या विटेचा आहे. ती वीट काय ते सांगतो.

आपल्या मुंबई ठाण्यातल्या नर्सऱ्यांत रोपं चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतात, त्याला हुंडी म्हणतात. लांबून ट्रकमधून येताना माती सांडू नये, मुळं उघडी पडू नयेत म्हणून ती माती मुद्दाम चिकट घेतात आणि दाबून बांधतात. प्रवासासाठी ते बरोबरच आहे. पण आपण ती हुंडी तशीच्या तशी कुंडीत ठेवतो आणि भोवती भुसभुशीत कोकोपीट भरतो. आता पाणी सोप्या वाटेने जातं. हुंडी एकदा कडक वाळली की आकसते, तिच्याभोवती फट पडते, वरून ओतलेलं पाणी फटीतून आणि कोकोपीटमधून थेट खाली. म्हणून तुमचं पाणी वीस सेकंदांत ताटलीत आलं. तो निचरा नाही ताई, ती गळती आहे. आणि ताटलीतलं पाणी कोकोपीट परत वर शोषून घेतं, ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं.

म्हणजे तुमच्या कुंडीत एकाच वेळी दोन्ही चाललंय. बाहेर दलदल, आत दुष्काळ. जुनी मुळं गोळ्यात कोरडी, नवी मुळं बाहेर पडून चिखलात कुजलेली. "पाणी कमी की जास्त" याचं उत्तर तुमच्या बाबतीत "दोन्ही" असं आहे.

आता काढूनच बघावं लागेल. मे महिन्यात कुंडी बदलू नये हे मीच नेहमी सांगतो, पण मुळं सडत असताना जूनची वाट बघायची नसते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर करा.

पानफुटी | ६ मे, सकाळी ९:३०

काका हे मला माहीतच नव्हतं. माझं पेंडीचं उत्तर मागे घेते. सडलेल्या मुळांवर पेंडीचं पाणी घातलं असतं तर अजून वाट लागली असती.

उपवनवासी | ६ मे, सकाळी ११:००

आरओच्या पाण्याबद्दल थोडं, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात यावरून भांडण होतं. आरओचं टाकाऊ पाणी म्हणजे विष असं सरसकट नसतं. आत जे पाणी जातं त्यातलेच क्षार थोडे दाट होऊन बाहेर येतात. आमच्याकडे उपवनला नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मीटरवर ८० च्या आत येतो, टाकाऊ पाणी ११० वगैरे, ते झाडांना खुशाल घाला. पण आत टँकरचं बोअर पाणी जात असेल तर गोष्ट वेगळी. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात ५०० ची मर्यादा स्वीकारार्ह धरलीये, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. माणसाला ते चालून जातं, कुंडीला नाही, कारण कुंडीतून पाणी उडून जातं आणि क्षार रोज थोडे थोडे मागे राहतात. मीटर पेनासारखा असतो, कोणाकडून तरी मागून मोजा.

चौदावा मजला | ६ मे, दुपारी ४:१५

समोरच्या फ्लॅटमधल्या दादांकडे मीटर निघाला. आजचं टँकरचं पाणी ६२०. आरओचं टाकाऊ ८४५. एसीतून गळणारं पाणी सहज म्हणून बघितलं ते १८!

मातीकाका | ६ मे, संध्याकाळी ६:०५

मग फिकट पालवीचं कोडं पण सुटलं. बोअरचं पाणी जड असतं, त्यात चुन्याच्या जातीचे क्षार, ते मातीचा सामू (पीएच) वर चढवतात. सामू चढला की मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. लोह कमी पडलं की लक्षण नव्या पानावर दिसतं, शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये अगदी बरोब्बर लिहिलं होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर असंच पिवळेपण पण ते जुन्या, खालच्या पानांवर. एप्सम म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणून तुम्हाला त्याचा उपयोग झाला नाही. नत्र कमी असेल तर जुनं पान शिरांसकट सगळंच पिवळं होतं. आणि मुळं गुदमरली तर हे सगळं मिसळून दिसतं.

पण आत्ता लोह आणायला पळू नका. हिराकस (लोहाचं सल्फेट) असो की चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं बांधलेलं) असो, घ्यायला मुळं तर हवीत.

एसीचं पाणी क्षारमुक्त असतं हे खरं, शोभेच्या झाडांना मी घालतो. ते तांब्या ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून येतं म्हणून खायच्या झाडाला मात्र नाही घालत.

चौदावा मजला | ८ मे, रात्री ९:५०

आज संध्याकाळी काढलं. सविस्तर लिहिते कारण मी हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

बाल्कनीत जुनी चादर अंथरली, बाबा आणि मी. कुंडी आडवी करून थोपटली तर बाहेरचं कोकोपीट लगद्यासारखं सगळं खाली आलं, काळं, आणि इतका वास की सासूबाईंनी आतून दार लावून घेतलं. तळाची तीन भोकं जवळजवळ बंदच होती, मी सप्टेंबरमध्ये माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर कापड टाकलं होतं, ते कुजून चिकटलं होतं. मधे नारळाएवढा लाल गोळा, सुतळीसकट. सुतळी अडीच वर्षांनी पण तशीच, प्लास्टिकची होती. मुळं त्या सुतळीतून बाहेर आलेली आणि जिथून आली तिथे काचलेली, जानवं रुतावं तशी. बाबांनी गोळ्याला हात लावला आणि म्हणाले हा तर कोरडा आहे. खरंच कोरडा! नखाने पावडर निघत होती. त्याच्यापासून दोन बोटांवर चिखल.

बाहेरची मुळं काका म्हणाले तशीच, तपकिरी काळी, ओढलं की साल निसटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखं राहतं. पण गोळा बादलीत साध्या पाण्यात बुडवून ठेवला, नळाचं पाणी आलं तेव्हा मुद्दाम भरून ठेवलं होतं. पहिली दहा मिनिटं नुसते बुडबुडे. तासाभराने माती सुटायला लागली आणि आत पांढरी मुळं दिसली. खूप नाहीत, पण आहेत, मुठीत मावतील एवढी. बाबांनी एकेक सुतळी कात्रीने कापून काढली, त्यांचे हात थरथरतात तरी एक पांढरं मूळ तुटू दिलं नाही.

आत्ता ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलंय. उद्या लावायचं. माती कशी करू? घरी लाल माती आहे, गांडूळखत आहे, आणि आमच्या बिल्डिंगमागे बांधकामाची रेती पडलीये ती घेऊ का?

मातीकाका | ८ मे, रात्री १०:१०

पांढरी मुळं मूठभर आहेत म्हणजे झाड तुमचं आहे.

रेती विचारूनच घ्या, आणि खाडीची असेल तर मुळीच नको. खाडीच्या रेतीत मीठ असतं, क्षारांतून काढून पुन्हा क्षारात घालाल. त्यापेक्षा भाताचं तूस मिळवा. मुरबाड शहापूरकडच्या भातगिरणीवर गोणीने मिळतं. दोन भाग लाल माती फोडून चाळलेली, एक भाग जुनं गांडूळखत, एक भाग तूस, तूस नसेल तर विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, धूळ चाळून टाकलेले. आपली लाल माती मुळात आम्ल असते, कढीपत्त्याला मानवते, तिला फक्त मोकळी करायची. मूठ वळून बोटाने टिचकी मारली की फुटली पाहिजे, एवढीच परीक्षा.

कुंडी परत आठ किंवा नऊ इंची. चौदा नको. मूठभर मुळांना मोठ्या कुंडीतलं पाणी संपवता येत नाही, ते साचून राहतं. मुळं जितकी गेली तितका शेंडा पण कमी करा, एक तृतीयांश तरी. वाईट वाटेल पण करा. सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने काढा. लावल्यावर एकदा खालून वाहेपर्यंत पाणी, मग आठ दिवस उजेडात पण उन्हात नाही. खत महिनाभर नाही.

खारघरचा वारा | ८ मे, रात्री १०:२५

आणि तळाला खडे घालायला विसरू नका, निचऱ्यासाठी.

मातीकाका | ८ मे, रात्री १०:४०

खड्यांबद्दल माझं मत वेगळं आहे आणि मी ते दरवेळी मांडतो, राग मानू नका. भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरा, पाणी गळून थांबू दे. आता तोच स्पंज उभा धरा. अजून पाणी गळेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतली माती असाच स्पंज आहे, तिच्या तळाशी थोडं पाणी कायम लटकून राहतं. खाली खडे घातले की मातीचा तळ वर सरकतो आणि ते लटकलेलं पाणी मुळांच्या आणखी जवळ येतं. खड्यांपेक्षा माती मोकळी करा आणि कुंडी उथळ घेण्याऐवजी उंच घ्या. भोकावर खापरीचा एक बाकदार तुकडा पालथा, बस.

खारघरचा वारा | ९ मे, सकाळी ७:३०

स्पंज करून बघितला. खरंय. वीस वर्षं खडे घालतोय मी.

सानपाड्याची सावली | ९ मे, दुपारी १२:००

मधेच घुसतेय, माफ करा. माझा मोगरा पण असाच पिवळा झालाय, नवी कुंडी सिमेंटची आहे, पाणी नळाचंच, आमच्याकडे मोरबे धरणाचं येतं ते चांगलं असतं ना?

उपवनवासी | ९ मे, दुपारी १२:४०

मोरब्याचं पाणी गोडं, त्यात काही नाही. कुंडीवर संशय घ्या. नव्या सिमेंटच्या कुंडीतून चुना सुटतो आणि सामू चढतो. लावण्याआधी पंधरा दिवस पाण्यात भिजत ठेवून, पाणी बदलत राहायचं असतं. फोटोसकट वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

चौदावा मजला | २४ मे, रात्री १०:००

पंधरा दिवसांनी लिहितेय. पहिल्या आठवड्यात उरलेली सगळी पानं गळली. सगळी. नुसत्या काड्या. मी रडकुंडीला आले होते, पण काकांनी व्यनीत (खाजगी निरोपात) सांगितलं की नखाने खोड थोडंसं खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर थांबा. हिरवं होतं. थांबलो.

कुंडी आता नऊ इंची, मातीची. तूस नेरूळकरांनी त्यांच्या गावाकडून येताना आणून मानपाड्याला दिलं, त्यांचे आभार कसे मानू.

पाण्याचं काम आता पूर्णपणे बाबांकडे. मी हातच लावत नाही, एका झाडाला एकच माणूस असं आम्ही घरात ठरवलं. रोज पहाटे साडेपाचला ते हीर खुपसतात, काढतात, हाताच्या पाठीला लावून बघतात, चष्मा लावून टोक बघतात. ओला असेल तर पाणी नाही. सामानाचा काटा आहे ना प्रवासाचा, त्याला कुंडी अडकवून वजन पण करतात. पाणी घातल्यावर सहा किलो दोनशे, चार किलो नऊशेच्या आसपास आली की पुन्हा पाणी द्यायचं हे त्यांनी स्वतः बसवलंय. या उन्हात ते तिसऱ्या दिवशी येतं. पाणी नळाचं साठवलेलंच, आणि दिलं की भरपूर, भोकातून वाहेपर्यंत, मग ताटली लगेच रिकामी.

आणि आज... खोडाच्या दोन जागी मोहरीएवढे हिरवे डोळे दिसले. बाबांनी मला उठवलं.

सुगरण७ | २४ मे, रात्री १०:२०

अंगावर काटा आला वाचून. बाबांना माझा नमस्कार सांगा. ताकाचं मी आता जपून सांगेन.

मातीकाका | २५ मे, सकाळी ६:३०

काट्याची युक्ती फार आवडली. चाळीस वर्षांत कुंडी उचलून अंदाज घ्यायचो, ग्रॅमवर कधी नेलं नाही. बाबांनी शिकवलं.

पुढचं एवढंच. पाऊस सुरू झाला की पहिली एक दोन सरी जाऊ द्या, मग कुंडी पावसात ठेवा आणि खालून मनसोक्त वाहू द्या. पावसाचं पाणी क्षारमुक्त, मातीत उरलेलं सगळं धुऊन नेतं. त्यासाठी ताटली मात्र काढा. साचलेल्या ताटलीत डेंग्यूचे डास अंडी घालतात ते वेगळंच. जुलैत सततच्या धारेत आत घ्या, ठाण्याचा पाऊस म्हणजे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, नऊ इंची कुंडीला तेवढा सोसत नाही.

चौदावा मजला | २० जुलै, रात्री ९:१५

फोटो टाकलाय. अकरा डहाळ्या. नवी पानं गडद हिरवी आहेत, लोहाची गरजच पडली नाही, पावसाने धुतल्यावर आपोआप रंग धरला. चिलटं गेली. परवा एका पानावर पक्ष्याची शीट दिसली आणि मी पुसायला गेले तर ती हलली. नेरूळकर, अळी आलीये तुमची. बाबा म्हणाले एक डहाळी तिला देऊ.

एकच विचारायचंय, आमटीला कधीपासून तोडू? सासूबाई रोज विचारतात.

मातीकाका | २० जुलै, रात्री ९:४०

दसऱ्यापर्यंत कळ काढा. तेव्हा सुद्धा सुटी पानं ओरबाडू नका, आख्खी डहाळी बुडापासून खुडा, तिथून दोन फुटतात. पांढरी फुलं आली तर तीही खुडा, यंदा त्याला फळ धरायला लावू नका.

सानपाड्याची सावली | २१ जुलै, सकाळी ८:१०

नेरूळकर, तूस उरलंय का? मोगऱ्याला हवंय, अर्धी गोणी पुरेल. जुईनगर स्टेशनला येऊ शकते.

नेरूळकर | २१ जुलै, सकाळी ८:३५

आहे. रविवारी सकाळी दहाला, पूर्वेच्या जिन्याखाली. गोणी परत आणा फक्त, एकच आहे.